इंग्रजीतले 'टू बी': अर्थ, उगम आणि आठ रूपांचे कोडे. वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी शिकणारे, शिकवणारे आणि भाषांतर करणारे 'टू बी' या क्रियापदाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढे आडवळणाचे. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात येऊन गेली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. जुन्या इंग्रजीचे (साधारण ११०० पूर्वीच्या इंग्रजीचे) उच्चार देवनागरीत जितके जवळ जातील तितके नेले आहेत.

१. 'टू बी'चा नेमका अर्थ काय? शब्दकोशात 'असणे' आणि 'होणे' असे दोन्ही दिलेले असते.

दोन्ही बरोबर आहेत, पण बहुतेक वाक्यांत या क्रियापदाला स्वतःचा असा अर्थ फारच थोडा असतो. ते दोन गोष्टी एकमेकींना जोडते. 'शी इज माय सिस्टर' यात ओळख सांगितली आहे, 'द वॉटर इज कोल्ड' यात गुण, 'द बुक इज ऑन द टेबल' यात ठिकाण, 'देअर इज अ प्रॉब्लेम' यात अस्तित्व. शिवाय 'इज गोइंग' आणि 'वॉज सीन' यांत ते दुसऱ्या क्रियापदाचे सहायक बनते.

मराठीत ही जोडणी पुष्कळदा न बोलताच होते. 'ही माझी बहीण', 'तुझं नाव काय?', 'काम सोपं, वेळ कमी' ही वाक्ये क्रियापदाशिवाय पूर्ण आहेत. प्रमाण इंग्रजीत ते वगळता येत नाही, म्हणून मराठी बोलणाऱ्यांकडून नवशिकेपणी 'इज' आणि 'आर' हमखास सुटतात.

'होणे' हा अर्थ मुख्यतः भविष्याकडे पाहणाऱ्या वाक्यांत येतो. 'आय वॉन्ट टू बी अ डॉक्टर' म्हणजे 'मला डॉक्टर व्हायचंय'. एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाणे दाखवायचे असेल तर इंग्रजी 'बिकम' किंवा 'गेट' वापरते.

२. एकाच क्रियापदाची आठ रूपे कशी? बाकीच्यांना तर चार-पाचच असतात.

बी, ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बीन, बीइंग. 'गो'सारख्या अनियमित क्रियापदालाही पाचच रूपे आहेत: गो, गोज, गोइंग, वेंट, गॉन. 'टू बी'ला आठ आहेत, कारण मुळात ते एक क्रियापद नव्हतेच. निदान तीन वेगवेगळ्या क्रियापदांची उरलेली रूपे एकत्र येऊन आजचा संच तयार झाला. 'ॲम' आणि 'इज' एका घरचे, 'बी', 'बीन' आणि 'बीइंग' दुसऱ्या, 'वॉज' आणि 'वेअर' तिसऱ्या. 'आर'चे प्रकरण वेगळे आहे, ते प्रश्न ७ मध्ये पाहा.

अशी सरमिसळ भाषांमध्ये दुर्मीळ नाही. 'वेंट' हे मूळचे 'वेंड' या क्रियापदाचे भूतकाळी रूप, ते 'गो'ने आपलेसे केले. आपण 'जातो' म्हणतो पण भूतकाळात 'गेला' म्हणतो. 'जाणे' संस्कृतातल्या 'या' धातूकडून आले आणि 'गेला' हे 'गम्' धातूच्या 'गत' या रूपाकडून. मराठी मुलाला हे कधी अवघड वाटत नाही.

३. ती तीन क्रियापदे कोणती? त्यांचे संस्कृतशी नाते आहे असे ऐकले, ते खरे का?

खरे आहे, आणि मराठी वाचकाला ते नाते जवळजवळ उघड्या डोळ्यांनी दिसते. इंग्रजीतल्या तीन घराण्यांचे संस्कृतातले भाऊबंद आहेत अस्, भू आणि वस्.

'ॲम' शेजारी 'अस्मि' ठेवा. शेवटचा 'म' दोन्हीकडे 'मी'चा आहे. 'इज' शेजारी 'अस्ति' ठेवा. इंग्रजीत शेवटचा 'त' गळून पडला, पण जर्मन 'इस्ट', लॅटिन 'एस्त' आणि फारसी 'अस्त' यांनी तो जपला आहे. 'बी' हा 'भू'चा नातेवाईक, म्हणजे 'भवति'मधला.

तिसरी जोडी मला सगळ्यांत आवडते. 'वॉज'चा संबंध 'वस्' धातूशी आहे. 'वसति' म्हणजे राहतो, मुक्काम करतो, रात्र काढतो. वस्ती, निवास, वसतिगृह हे आपले शब्द त्याच धातूचे. 'तो तिथे राहिला' या अर्थाचे क्रियापद झिजत झिजत 'तो तिथे होता' इतकेच सांगू लागले. जर्मनिक भाषांच्या (इंग्रजी, जर्मन यांच्या कुटुंबाच्या) पूर्वजात हा बदल झाला आणि जुन्या इंग्रजीपर्यंत 'वेसान' या क्रियापदाचा अर्थ 'असणे' असा स्थिर झाला होता.

मराठीत ही तिन्ही मुळे अजून वेगवेगळी नांदतात. असणे 'अस्'पासून, होणे 'भू'पासून (प्राकृतातल्या 'होइ'मार्गे) आणि वसणे 'वस्'पासून. इंग्रजीने त्यांना एकाच क्रियापदात कोंबले. तरी आपणही थोडी सरमिसळ केलीच आहे: 'काल होता, उद्या असेल' यात भूतकाळ 'भू'चा आणि भविष्यकाळ 'अस्'चा. ('आहे'च्या व्युत्पत्तीबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, म्हणून ते इथे बाजूला ठेवले आहे.)

४. मग इंग्रजी संस्कृतातून आली असे म्हणायचे का?

नाही. दोन्ही भाषा एका आणखी जुन्या भाषेतून फुटल्या. त्या भाषेचा एकही लेख उपलब्ध नाही. तिच्या वंशज भाषांची तुलना करूनच तिची रूपे बांधली जातात. तिला आद्य भारोपीय म्हणतात.

२ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे भाषण करताना सर विल्यम जोन्स यांनी हा विचार ठामपणे मांडला. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या धातूंमध्ये आणि व्याकरणाच्या रूपांमध्ये इतके साम्य आहे की ते योगायोगाने आलेले असू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. या भाषांचा उगम एकच असावा आणि तो कदाचित आज अस्तित्वात नसेल, असेही ते म्हणाले. पुढे १८१६ मध्ये फ्रान्झ बोप यांनी संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मनिक भाषांमधली क्रियापदे कशी चालवली जातात याची पद्धतशीर तुलना छापली. शब्दांची देवघेव तर शेजारी भाषांतही होते. क्रियापदाचे प्रत्यय सहसा कोणी उसने घेत नाही, म्हणून बोप यांची तुलना क्रियापदांवर उभी होती हे मला महत्त्वाचे वाटते.

५. 'भू' आणि 'बी' सारखे दिसतात एवढ्यावरून नाते कसे मानायचे? असे साम्य तर कुठेही सापडेल.

शंका रास्त आहे. एका जोडीवर कोणीही नाते मानू नये. ध्वनीचा बदल नियमाने झाला आहे का, हे पाहायचे. संस्कृतात जिथे 'भ' आहे तिथे इंग्रजीत 'ब' येतो: भ्रातृ आणि ब्रदर, भरति (वाहून नेतो) आणि बेअर, भू आणि बी. याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये अशा बदलांची पूर्ण मांडणी केली, म्हणून त्या नियमाला त्यांचे नाव मिळाले.

याहून भक्कम पुरावा 'अस्'च्या रूपांत आहे. संस्कृतात एकवचनी 'अस्ति', पण अनेकवचनी 'सन्ति'. अनेकवचनात सुरुवातीचा 'अ' नाहीसा होतो. लॅटिनमध्ये 'एस्त' आणि 'सुंत', जर्मनमध्ये 'इस्ट' आणि 'झिंट', जुन्या इंग्रजीत 'इस' आणि 'सिंदोन'. चारही भाषांत तोच स्वर त्याच जागी गळतो. हजारो मैल दूर असलेल्या भाषांमध्ये असा तिरकस, निरुपयोगी वाटणारा तपशील जुळतो, तेव्हा योगायोगाला जागा उरत नाही. इंग्रजीने 'सिंदोन' पुढे टाकून दिले, त्यामुळे आज हा पुरावा इंग्रजीत दिसत नाही.

६. 'वॉज'मध्ये 'स'सारखा ध्वनी आणि 'वेअर'मध्ये 'र'. एकाच धातूची रूपे इतकी वेगळी का?

कारण फार जुने आहे आणि ते आघातात, म्हणजे शब्दातल्या कोणत्या अक्षरावर जोर पडतो यात, दडले आहे. आद्य भाषेत या क्रियापदाच्या एकवचनात आघात धातूवर पडे आणि अनेकवचनात प्रत्ययावर. संस्कृतात 'वस्'चा परोक्ष भूतकाळ पाहिला तर ही जुनी जोडी अजून दिसते: एकवचनी 'उवास', अनेकवचनी 'ऊषुः'. जर्मनिक भाषांत आघातानंतरचा 'स' तसाच राहिला. आघात पुढच्या अक्षरावर असेल तर तो आधी मऊ झाला आणि नंतर 'र' बनला. म्हणून जुन्या इंग्रजीत एकवचनी 'वॅस' आणि अनेकवचनी 'वॅरोन'.

डेन्मार्कच्या कार्ल व्हेर्नर यांनी हा नियम १८७० च्या दशकात शोधला. जर्मनिक भाषांमधला मूळ आघात तोवर पुसला गेला होता. त्यांना किल्ली मिळाली ती वैदिक संस्कृतात जपलेल्या उदात्त स्वरांमुळे. 'लॉस्ट'मधला 'स' आणि 'फॉर्लॉर्न'मधला 'र' हीसुद्धा याच नियमाची जोडी आहे.

७. 'आर' कुठून आले?

उत्तरेकडून. दक्षिण इंग्लंडमधल्या वेसेक्सच्या बोलीत 'ते आहेत' यासाठी 'सिंदोन' वापरत. मध्य आणि उत्तर भागातल्या बोलींत 'आरोन' होते. नवव्या शतकापासून त्याच भागांत स्कँडिनेव्हियातून आलेले लोक वस्ती करून राहिले. त्यांच्या नॉर्स भाषेतले रूप होते 'एरु'. दोन्ही रूपे जवळची असल्याने 'आर'ला बळ मिळाले आणि ते हळूहळू दक्षिणेकडे सरकले. दक्षिणेत अनेकवचनासाठी मधल्या काळात 'बी' बोलत.

ही चढाओढ बराच काळ चालली. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये उत्पत्तीच्या ४२ व्या अध्यायात योसेफाचे भाऊ एका श्वासात 'वी आर ट्रू मेन' म्हणतात आणि लगेच पुढच्या ओवीत 'वी बी ट्वेल्व्ह ब्रेदरन' म्हणतात. सत्ताधाऱ्यांसाठी आजही वापरला जाणारा 'द पॉवर्स दॅट बी' हा वाक्प्रचार त्याच जुन्या अनेकवचनी 'बी'चा अवशेष आहे.

'आर'चे मूळ काही अभ्यासक 'अस्'मध्येच पाहतात, काही त्याला स्वतंत्र धातू मानतात. म्हणून काही पुस्तके 'टू बी'त तीन क्रियापदे आहेत असे सांगतात आणि काही चार.

८. जुन्या इंग्रजीत 'असणे'साठी वर्तमानकाळाचे दोन संच होते म्हणे. दोन कशाला लागतात?

हा प्रश्न इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला बराच वेळ समजावून सांगावा लागतो. मराठी माणसाला एका वाक्यात सांगता येतो: एक संच 'आहे'चा होता आणि दुसरा 'असतो'चा.

पहिला संच 'अस्' घराण्याचा: मी 'एओम', तो 'इस'. हा आत्ताची स्थिती सांगे. दुसरा 'भू' घराण्याचा: मी 'बेओ', तो 'बिथ'. हा नेहमी खरे असणारे सांगे, आणि पुढे होणारेही. वापरात दोन्ही संच कधी कधी एकमेकांच्या जागी येत, पण कल स्पष्ट दिसतो. जुन्या इंग्रजीत सूक्तींची एक कविता आहे, तिच्यात ऋतूंबद्दलची ओळ आहे 'विंतेर ब्युथ चेआल्दोस्त'. तिचे मराठी 'हिवाळा सर्वांत थंड असतो' असेच होईल. तिथे कोणी 'हिवाळा सर्वांत थंड आहे' म्हणणार नाही. कवीनेही 'इस' न लिहिता 'बिथ'चे रूप लिहिले, ते याच कारणाने. ('ब्युथ' आणि 'बिथ' हे एकाच शब्दाचे उच्चार.)

पुढे 'इज'ने 'बिथ'ला हुसकावले आणि इंग्रजीने हा भेद गमावला. आज 'द वॉटर इज कोल्ड' या वाक्यावरून ग्लासातल्या पाण्याबद्दल बोलणे चालले आहे की डोंगरातल्या झऱ्यांबद्दल सर्वसाधारण विधान केले आहे, हे कळत नाही. संदर्भ पाहावा लागतो किंवा 'ऑलवेज', 'युज्वली' असा शब्द जोडावा लागतो. वेल्श भाषेत असाच दुहेरी संच आहे, त्यामुळे जुन्या इंग्रजीवर तिथल्या केल्टिक भाषांचा प्रभाव पडला असावा असे काही अभ्यासक मानतात. सर्वांना ते पटलेले नाही.

भाषांतर करणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा असे मला मनापासून वाटते. इंग्रजी 'इज' दिसला की आपोआप 'आहे' लिहिण्याची सवय लागते आणि मग 'वाघ हा मांसाहारी प्राणी आहे' बरोबर 'लहान मुले चंचल आहेत' अशीही वाक्ये येऊ लागतात. दुसऱ्या वाक्यात 'असतात' हवे. मूळ लेखकाकडे हा पर्याय नव्हता, आपल्याकडे आहे.

९. "ही बी वर्किंग" हे चुकीचेच इंग्रजी ना?

परीक्षेत किंवा कार्यालयीन पत्रात लिहू नका. पण त्याला बेशिस्त बोलणे समजणे चूक आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीत या 'बी'ला काटेकोर नियम आहे. 'ही बी वर्किंग' म्हणजे 'तो काम करत असतो', नेहमी, सवयीने. 'तो आत्ता काम करतोय' यासाठी त्या बोलीत 'ही वर्किंग' म्हणतात. हे दोन अर्थ बोलणाऱ्यांच्या डोक्यात पक्के वेगळे असतात. एका प्रयोगात मुलांना चित्र दाखवले. नेहमी बिस्किटे खाणारे पात्र आजारी पडून झोपले आहे आणि दुसरेच पात्र बिस्किटे खात आहे. 'हू बी ईटिंग कुकीज?' असे विचारल्यावर ही बोली बोलणाऱ्या मुलांनी अंथरुणातल्या पात्राकडे बोट दाखवले.

आयर्लंडमधल्या इंग्रजीतही 'डझ बी' हे सवयीचे रूप आहे. ही रूपे प्रश्न ८ मधल्या 'बिथ'ची थेट वारसदार आहेत असे समजू नका. गरज तीच आहे, वाट वेगळी आहे.

१०. "इफ आय वेअर यू" यात 'आय'ला 'वेअर' का लावतात?

ते अनेकवचन नाही. जुन्या इंग्रजीत खरे घडलेले सांगण्यासाठी एकवचनी 'वॅस' होते, आणि कल्पनेतले किंवा इच्छेतले सांगण्यासाठी एकवचनातच 'वॅरे' हे वेगळे रूप होते. पुढे 'वॅरे' आणि अनेकवचनी 'वॅरोन' झिजून दोघांचेही 'वेअर' झाले. म्हणजे आज एकाच रूपाखाली दोन कामे चालतात.

मराठीत नेमके असेच आहे. 'मी रोज तिथे असतो' आणि 'मी तुझ्या जागी असतो तर' या दोन वाक्यांत 'असतो' तेच, पण दुसऱ्यात ते न घडलेले सांगते. बोलताना 'इफ आय वॉज' सर्रास ऐकू येते. औपचारिक लिखाणात 'वेअर'च ठेवा.

याच कल्पनावाचक घराण्यातले 'बी'चे रूप 'सो बी इट' आणि 'बी दॅट ॲज इट मे' यांत आहे. 'दे इन्सिस्टेड दॅट ही बी प्रेझेंट' हे तिसरे उदाहरण. तिथे 'ही इज' लिहिले तर 'तो हजर आहे असा त्यांचा दावा होता' असा अर्थ होतो. 'ही बी' म्हणजे 'तो हजर असावा असा आग्रह'. निरोपाचा 'गुडबाय' हासुद्धा 'गॉड बी विथ यी' या आशीर्वादाचे आखूड झालेले रूप आहे.

११. "हॅव बीन टू" आणि "हॅव गॉन टू" यांत फरक काय?

'शी हॅज गॉन टू द लायब्ररी' म्हणजे ती गेली आहे, अजून तिकडेच आहे. 'शी हॅज बीन टू द लायब्ररी' म्हणजे ती जाऊन आली आहे.

'बीन' तसा उशिरा आलेला. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाला असे रूपच नव्हते. ते त्या कालखंडाच्या अगदी शेवटी, साधारण ११०० च्या सुमारास दिसू लागते.

१२. जुन्या पुस्तकांत "ही इज कम" असे दिसते. छपाईची चूक आहे का?

चूक नाही. 'तो आला आहे' हे मराठी वाक्य शब्दाशब्दाने तसेच आहे. जाणे, येणे, उठणे, पडणे अशा क्रियापदांबरोबर इंग्रजी पूर्वी 'हॅव' ऐवजी 'बी' वापरत असे. जर्मन आणि फ्रेंच अजूनही तसेच करतात. १६११ च्या बायबलमध्ये 'ही इज रिझन' आहे. एकोणिसाव्या शतकापर्यंत 'हॅव'ने जवळजवळ सगळी जागा घेतली. 'द मनी इज गॉन' यासारख्या वाक्यांत जुनी पद्धत टिकून आहे.

१३. 'इज' आणि 'बीइंग' एकाच वाक्यात येऊ शकतात का? ऐकायला चुकीचे वाटते.

येऊ शकतात, आणि तुम्हाला जे खटकते ते एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक इंग्रज व्याकरणकारांनाही खटकले होते. 'द हाउस इज बीइंग बिल्ट' ही रचना अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ होऊ लागली. त्याआधी 'द हाउस इज बिल्डिंग' म्हणत आणि त्याचा अर्थ 'घर बांधले जात आहे' असा होई. नवी रचना अवजड आहे अशी टीका झाली, पण तिच्यामुळे अर्थ स्पष्ट होत होता, म्हणून ती टिकली.

विशेषणाबरोबरचा 'बीइंग' वेगळा आहे. 'ही इज स्टबर्न' म्हणजे तो हट्टी आहे, स्वभावानेच. 'ही इज बीइंग स्टबर्न' म्हणजे तो आत्ता हट्टीपणा करतोय. जी वागणूक माणसाच्या हातात असते तिथेच हे चालते. 'ही इज बीइंग टॉल' म्हणता येत नाही, कारण उंचपणा कोणी 'करत' नाही.

१४. प्रश्न विचारताना "डू यू बी" का म्हणत नाहीत?

कारण 'डू'ची मदत घेण्याची पद्धत नंतर आली. पूर्वी सगळीच क्रियापदे कर्त्याआधी येऊन प्रश्न करत: 'नो यू हिम?' सोळाव्या आणि सतराव्या शतकात 'डू' रुळला तेव्हा 'बी' आणि 'कॅन'सारखी सहायक क्रियापदे त्यापासून अलिप्त राहिली. म्हणून 'आर यू रेडी?'

अपवाद आज्ञार्थाचा. 'डोन्ट बी सिली', 'डू बी केअरफुल' यांत 'डू' आणि 'बी' शेजारी बसतात. 'बी नॉट अफ्रेड' ही जुनी पद्धत आता धार्मिक किंवा काव्यमय वाटते.

१५. 'एन्ट' (ain't) अशुद्ध आहे, मग "आरन्ट आय" शुद्ध कसे?

तर्काने पाहिले तर दोन्ही एकाच मुळाचे आहेत. 'ॲम नॉट' आणि 'आर नॉट' यांची आखूड रूपे सतराव्या शतकाच्या अखेरीस 'आन्ट' अशी लिहिली जाऊ लागली. त्यातूनच एका बाजूला 'एन्ट' तयार झाले. दुसरीकडे, इंग्लंडच्या ज्या बोलींत 'र' उच्चारत नाहीत तिथे 'आन्ट' आणि 'आरन्ट' सारखेच ऐकू येत होते, म्हणून 'आन्ट आय' हे 'आरन्ट आय' असे लिहिले गेले. एकाला प्रतिष्ठा मिळाली, दुसऱ्याला मिळाली नाही. हा निवाडा समाजाने केला आहे, व्याकरणाचा त्यात हात नाही. तरीही अर्जात 'एन्ट' लिहू नका. सगळ्यांत नियमित रूप 'ॲमन्ट आय' हे स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये आजही ऐकू येते.

१६. बिकम, बिफोर, बिलीव्ह, बिकॉज यांतला 'बि' हाच का?

नाही. तो 'बाय'चा जुना भाऊ असलेला उपसर्ग आहे. 'बिकॉज' म्हणजे 'बाय कॉज', कारणाने. 'बिकम'चा जुना अर्थ 'येऊन पोहोचणे' असा होता. त्याचा 'होणे' हा अर्थ नंतरचा, त्यामुळे तो 'बी'चा नातेवाईक असल्याचा भास होतो. प्रश्न ५ मध्ये सांगितले ते इथे लागू पडते: दिसण्यावर जाऊ नका.

१७. या मुळांतून इंग्रजीत आणखी कोणते शब्द आले?

पुष्कळ, आणि काही अनपेक्षित. 'अस्'चे वर्तमानकालवाचक रूप संस्कृतात 'सत्', म्हणजे असलेले. त्यावरून 'सत्य'. इंग्रजीत त्याच रूपाचा वंशज 'सूथ', खरे या अर्थाचा जुना शब्द, जो आता 'सूथसेयर'मध्ये (भविष्य सांगणारा) उरला आहे. जे आहे ते खरे, ही कल्पना दोन्ही भाषांनी त्याच धातूतून घडवली. 'येस'मध्येही बहुधा 'असो' या अर्थाचे जुने रूप दडलेले आहे. लॅटिनमार्गे आलेले एसेन्स, प्रेझेंट, ॲब्सेंट आणि इंटरेस्ट हेही याच घरचे.

'भू'ची बाजू आणखी पसरलेली आहे. 'नेबर' म्हणजे जवळ राहणारा आणि 'हसबंड' म्हणजे घर धरून राहणारा. दोघांतही 'भू'वरून आलेले 'राहणे' आहे, जसे आपल्याकडे 'भवन'. लॅटिनमार्गे 'फ्यूचर', होणार असलेले. ग्रीकमार्गे 'फिजिक्स', कारण त्या भाषेत या धातूला 'उगवणे, वाढणे' असा अर्थ मिळाला.

मराठीतल्या 'नेस्तनाबूद'मध्ये दोन्ही घराणी एकत्र भेटतात. फारसी 'नेस्त' म्हणजे 'न अस्त', नाही. 'नाबूद'मधले 'बूद' म्हणजे होता, ते 'भू'चे. नाही आणि नव्हतेच, इतका संपूर्ण नाश.

१८. इतके अनियमित क्रियापद टिकले कसे? सोपे करून का टाकले नाही?

ते सतत वापरात आहे म्हणून. अनियमित रूप लक्षात राहायला वारंवार कानावर पडावे लागते. 'हेल्प'चे भूतकाळी रूप एकेकाळी 'होल्प' होते. ते तितके वापरात नव्हते, म्हणून नियमित 'हेल्प्ड'ने त्याची जागा घेतली. 'बी'च्या बाबतीत ती वेळच येत नाही. ऑक्सफर्डच्या इंग्रजी लेखनसंग्रहात सर्व रूपे धरून 'बी' हा 'द' नंतरचा दुसरा सर्वाधिक वापरला जाणारा शब्द ठरला होता.

१९. 'टू बी' पूर्णपणे वगळून इंग्रजी लिहिता येते का?

येते, आणि तसे मुद्दाम लिहिणारे लोकही आहेत. भाषा आणि विचार यांच्या नात्यावर लिहिणाऱ्या आल्फ्रेड कोर्झिब्स्की यांच्या विचारांचा वारसा घेऊन डी. डेव्हिड बोरलँड यांनी १९६५ मध्ये 'ई-प्राइम' नावाची पद्धत मांडली. तिच्यात या क्रियापदाचे एकही रूप वापरायचे नसते. 'ही इज अ फूल' म्हटले की मत वस्तुस्थितीसारखे ऐकू येते. 'ही ॲक्टेड फूलिशली' म्हटले की कोणी काय केले ते सांगावे लागते, असा त्यामागचा विचार. सराव म्हणून एखादे पान असे लिहून पाहण्यासारखे आहे. मात्र 'इज' काढल्याने पूर्वग्रह जातात हे मला पटत नाही. रशियन आणि अरबीत वर्तमानकाळी साध्या वाक्यात असे क्रियापद येतच नाही. 'तो' आणि 'मूर्ख' हे दोन शब्द शेजारी ठेवले की तिथे शिक्का मारून होतो.